उधईच्या शेतातलं पीक

श्रावणात विदर्भाच्या बाजारात एक भाजी येते. तिचा भाव मटणाशी बरोबरी करतो, कधी त्याच्याही वर जातो, आणि तरी ती दुपारपर्यंत उरत नाही. ही भाजी म्हणजे सात्या, वारुळावर उगवणारी रानअळिंबी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात त्या जास्त निघतात. वर्धा जिल्ह्यातही बोरच्या जंगलाला लागून असलेला सेलू तालुका, आर्वी-कारंजा-आष्टीकडचा चढउताराचा मुलूख आणि नदीनाल्यांच्या काठचे जुने धुरे ही त्यांची ठिकाणं. झड लागून गेली, उघाड पडली, हवेत दमट उकाडा आला, की जाणती माणसं पहाटेच वारुळांकडे निघतात. कोणतं वारूळ कोणत्या नक्षत्रात देतं, हे घरातल्या पोरांना सांगितलं जातं. शेजाऱ्याला सहसा नाही.

कुठे यांना सात्या म्हणतात, कुठे टेकोडे. गोव्यात आणि सिंधुदुर्गात वारुळाला रोयण म्हणतात, म्हणून तिथे ही रोयणीची अळमी. नावं निराळी असली तरी ओळख सगळीकडे एकच सांगितली जाते: ती वारुळावर येते. या एका खुणेत सगळं शास्त्र दडलेलं आहे, ते पुढे येईलच.

बटण मशरूम शहरात बारा महिने मिळतं, धिंगरी सोयाबीनच्या कुटारावर घरोघरी पिकते. मग इतका भाव मिळणाऱ्या सात्यांची शेती का होत नाही, हा प्रश्न दर पावसाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच. त्याचं उत्तर असं, की सात्यांची शेती होते. ती उधई करते. आणि आपण शेती शिकलो त्याच्या कितीतरी आधीपासून करते.

ज्या वाळवीला आपण उधई म्हणतो तिच्या अनेक जाती आहेत. त्यांतल्या काही फक्त लाकूड पोखरतात. पण आपल्या शेताच्या धुऱ्यावर, पळसाच्या किंवा बाभळीच्या बुडाशी माणसाच्या उंचीचं खाचाखाचांचं वारूळ उभारणारी ओडोंटोटर्मिस ही उधई वेगळ्या घराण्यातली आहे. तिच्या पोटात लाकूड पचवणारे ते सूक्ष्म जीव नसतात जे इतर काही उधयांकडे असतात. पचनाचं काम तिने बाहेरच्या एका जिवाकडे सोपवलं आहे. वारुळाच्या आत, जमिनीच्या पातळीला आणि तिच्या खाली, मुठीएवढ्या ते नारळाएवढ्या पोकळ्या असतात. प्रत्येक पोकळीत करड्या-तपकिरी रंगाचं, स्पंजासारखं सच्छिद्र पोळं असतं. त्यावर मोहरीहून लहान पांढरे मणी चिकटलेले दिसतात. ही बुरशी, आणि सात्या म्हणजे तिचीच छत्री. तिचं शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस. फ्रेंच अळिंबीशास्त्रज्ञ रोजे एम यांनी १९४२ मध्ये ही प्रजाती वेगळी काढली. त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी टर्मिटोमायसिस हेमी ही जाती १९७९ मध्ये के. नटराजन यांनी तामिळनाडूतून नोंदवली. भारतातल्या खाण्याच्या रानअळिंब्यांत ती फार मानाची आहे.

पोळं तयार होण्याची रीत नीट समजून घेण्यासारखी आहे. वयस्क कामकरी उधया रात्री बाहेर पडून वाळकी पानं, काड्या, गवत, जनावरांचं वाळलेलं शेण तोडून आणतात. वारुळातल्या तरुण कामकरी उधया तो कचरा खातात, आणि त्याच्या जोडीला ते पांढरे मणीही खातात. मण्यांत बुरशीचे बीजाणू असतात. कचरा आतड्यातून झपाट्याने, जेमतेम पचून बाहेर पडतो. बीजाणू मात्र जिवंतच राहतात. ही बीजाणूमिश्रित विष्ठा पोळ्याच्या वरच्या थरावर लिंपली जाते. म्हणजे खत आणि बियाणं एकाच वेळी पडतं. बुरशी त्या थरात पसरते, लाकडाला टणकपणा देणारं लिग्निन फोडते, आणि काही दिवसांत नवे मणी धरते. ते पुन्हा तरुण उधयांचं अन्न. काही आठवड्यांनी पोळ्याचा खालचा जुना भाग मऊ आणि पौष्टिक झाला, की वयस्क उधया तो खाऊन टाकतात. वर नवं लिंपणं, खाली जुनं खाणं, असं ते चालूच राहतं.

या शेतीत तणही आहे. झायलेरिया नावाची दुसरी एक बुरशी पोळ्यात दबा धरून असते. उधया नांदत्या असेपर्यंत तिला डोकं वर काढता येत नाही. वारूळ मेलं किंवा पोळं उधयांविना उघडं पडलं, की काही दिवसांत झायलेरिया सगळं व्यापते आणि काळ्या काड्यांसारखी जमिनीतून वर येते. जिथे पूर्वी सात्या यायच्या तिथे पुढच्या पावसाळ्यात या काळ्या काड्या दिसल्या, तर खालच्या पोळ्यावर आता उधईची राखण उरलेली नाही असं समजावं.

वर्ध्याच्या हवामानात या व्यवस्थेची खरी किंमत मे महिन्यात कळते. पारा ४५-४६ अंशांवर जातो, काळी जमीन भेगाळते, जंगलात साग-तेंदूची पानं पायाखाली चुरचुरतात. जमिनीवरच्या सगळ्या बुरश्या तेव्हा झोपलेल्या असतात, कारण ओलाव्याशिवाय बुरशी काम करत नाही. पण वारुळाच्या पोटात तापमान ३० अंशांच्या आसपास असतं आणि हवा दमट असते. तिथे कुजवण्याचं काम भर उन्हाळ्यातही थांबत नाही. कोरड्या पानझडीच्या जंगलात पडलेला पाला परत मातीत नेण्याचा मोठा वाटा या उधया आणि त्यांची बुरशी मिळून उचलतात. वारुळाची माती चिकण आणि सुपीक असते, म्हणून ती चूल घालायला, भिंत लिंपायला पिढ्यान्‌पिढ्या आणली गेली. या मातीच्या चांगुलपणामागे उधईची मेहनत आहे हे माहीत असतं. बुरशीचं नाव मात्र त्यात क्वचितच घेतलं जातं.

ही जोडी किती जुनी आहे? टांझानियातल्या रुक्वा खोऱ्यात सापडलेल्या अश्मीभूत पोळ्यांचं वर्णन २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. ती सुमारे २.५ कोटी वर्षांपूर्वीची आहेत. जनुकांच्या तुलनेवरून या शेतीचा आरंभ आफ्रिकेत सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी, आणि तोही एकदाच, झाला असं मानलं जातं. तिथून तिचा प्रसार आशियात झाला. एकदा या शेतीकडे वळलेली उधई पुन्हा मागे फिरल्याचा एकही दाखला नाही, आणि उधई सोडून स्वतंत्र झालेली टर्मिटोमायसिसची एकही जाती नाही. माणसाची शेती जेमतेम १०-१२ हजार वर्षांची आहे.

हे सगळं युरोपीय विज्ञानाच्या नजरेला प्रथम पडलं ते भारतात, आणि तेही मराठी राज्यात. लिनियसचा शिष्य योहान गेरहार्ड क्योनिग हा डेन्मार्कच्या त्रांकेबार वसाहतीत वैद्य म्हणून आला होता. तंजावर मुलखातल्या वाळवीवरचा त्याचा लेख १७७९ मध्ये बर्लिनच्या निसर्ग अभ्यासकांच्या मंडळाने छापला. वारुळातल्या पोळ्यांचं आणि त्यावरच्या बुरशीचं वर्णन त्यात आहे. त्या वेळी तंजावरच्या गादीवर दुसरे तुळजाजी भोसले होते. वाळवीच्या शेतीवरच्या शास्त्रीय लेखनाची सुरुवात आपल्या इतिहासाच्या इतक्या जवळ झाली, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात यायला हवी असं मला मनापासून वाटतं.

आता वारुळावर छत्री का आणि केव्हा उगवते ते पाहू. एरवी उधया बुरशीचे मणी सतत खात असल्याने तिला छत्री उभारायला सवडच मिळत नाही. पावसाळ्यात मात्र पोळ्यावरून एक जाड कोंब सरळ वर निघतो. तो हातभर मातीतून वाट काढतो. त्यासाठी छत्रीच्या टोकाला एक टणक, अणकुचीदार बोंडी असते. हीच माती भेदते. जमिनीवर आल्यावर छत्री उघडते, पण तिचं मूळ खाली पोळ्याला जोडलेलं राहतं. मुळासारखा हा लांब दांडा सात्यांची सगळ्यांत भरवशाची खूण आहे. वारुळावर आलेली प्रत्येक छत्री सात्याच असेल असं नाही. पण पोळ्यापर्यंत गेलेल्या लांब मुळाची छत्री दुसरी क्वचितच असते.

वेळही ठरलेली असते. मृगाच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंख फुटलेले किडे घोंघावतात, ती उधईच्या नव्या राजाराण्यांची झुंड असते. पंख गाळून एकेक जोडी जमिनीत शिरते, स्वतःला कोंडून घेते आणि पहिली अंडी वाढवते. त्यांतून पहिल्या कामकरी उधया तयार होऊन बाहेर पडायला काही आठवडे लागतात. नेमक्या त्याच काळात जुन्या वारुळांवर सात्या उघडून बीजाणू उधळत असतात. बहुतेक जातींत राणी माहेरून बुरशी आणत नाही. नव्या घरच्या पहिल्या कामकऱ्या पानकचऱ्याबरोबर बाहेर पडलेले हे बीजाणू उचलून आणतात, आणि त्यांतून नव्या वारुळाचं पहिलं पोळं लागतं. मायक्रोटर्मिसच्या राण्या याला अपवाद आहेत. त्या बीजाणू पोटात घेऊनच निघतात. ओडोंटोटर्मिससारख्या उधईला मात्र उघडलेली सात्या मिळाली नाही तर तिचं नवं घर उपाशी मरतं.

बाजारात भाव कळ्यांना मिळतो. बंद छत्री घट्ट, चवीला सरस आणि दोन दिवस टिकणारी. उघडलेली छत्री लवकर किडते. म्हणून एखादं वारूळ सापडलं की त्यावरच्या सगळ्या कळ्या खुडल्या जातात. एका वारुळावर एका वर्षी असं झालं तर फारसं बिघडत नाही, कारण जुनं वारूळ वर्षानुवर्षं पीक देतं. पण साऱ्या शिवारात वर्षानुवर्षं असंच होत राहिलं, तर नवी वारुळं वसणार कशी, याचा विचार करायला हवा.

सगळ्या सात्या सारख्या नसतात. टर्मिटोमायसिस मायक्रोकार्पस ही जाती नखाएवढी असते आणि एका जागी शेकड्यांनी उगवते. तिला लांब मूळ नसतं, कारण ती खोल पोळ्यातून येत नाही. उधया स्वतःच पोळ्याचे तुकडे बाहेर आणून जमिनीवर पसरतात आणि त्यांवर ती फुटते. दुसऱ्या टोकाला झांबियातली टर्मिटोमायसिस टायटॅनिकस आहे. तिची छत्री १ मीटर रुंद होऊ शकते. खाल्ल्या जाणाऱ्या अळिंब्यांत तिच्याएवढी मोठी दुसरी नाही. १९८० मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन झालं, पण तिथल्या बाजारात ती त्याआधी कितीतरी पिढ्या विकली जात होती.

इथवर एका प्रजातीची गोष्ट झाली. पण टर्मिटोमायसिसला भाऊबंद आहेत, आणि ते पाहिल्याशिवाय ती उधईकडे कशी पोचली हे उमगत नाही. तिचं कुल लायोफायलेसी. छत्रीखाली पातळ उभे पडदे असलेल्या अळिंब्यांचं हे कुल वाल्टर यूलिश यांनी १९८१ मध्ये मांडलं. नुसत्या डोळ्यांनी पाहता या कुळातल्या अळिंब्या एकमेकींच्या वाटत नाहीत. कुणी पांढरी, कुणी राखाडी, कुणी लाकडावरची, कुणी गवतातली. त्यांना जोडणारा धागा सूक्ष्मदर्शकाखाली सापडला. रॉबेर क्यूनेर यांनी १९३८ मध्ये दाखवलं, की लोहयुक्त कार्मिन रंगात उकळल्यावर काही अळिंब्यांच्या बीजाणू धरणाऱ्या पेशींत गडद जांभळट-काळे कण उमटतात. असे कण दिसणाऱ्या पांढऱ्या बीजाणूंच्या अळिंब्या त्यांनी एका गटात आणल्या. टर्मिटोमायसिसचे बीजाणू गुलाबी असल्याने तिची जागा बराच काळ वादात होती. कुणी तिला एका कुळात टाकलं, कुणी दुसऱ्या. २००२ च्या सुमाराला जनुकांची तुलना झाली आणि ती याच कुळातली ठरली.

या कुळात काय काय जगण्याच्या तऱ्हा आहेत! अॅस्टेरोफोरा ही प्रजाती दुसऱ्या अळिंबीवर वाढते. रसुला प्रजातीच्या अळिंबीची छत्री कुजून काळी पडली, की तिच्यावर या छोट्या पांढऱ्या छत्र्या उगवतात, आणि त्यांतल्या एका जातीचा माथा जाड भिंतीच्या बीजाणूंनी पिठूळ होऊन जातो. स्फॅग्नुरस युरोपातल्या दलदलीत शेवाळाच्या गादीवर वाढते आणि त्या शेवाळालाच मारते. सागारानेलाची गोष्ट तर मोठी विलक्षण आहे. जपानचे नाओहिको सागारा यांनी १९६० च्या दशकात जंगलाच्या जमिनीवर मुद्दाम युरिया टाकून पाहिला. काही आठवड्यांत तिथे ठरावीक क्रमाने ठरावीक अळिंब्या उगवू लागल्या. जिथे जनावराने मुतलं किंवा जनावर मरून कुजलं, तिथे अमोनियाच्या माऱ्यात इतर बुरश्या तग धरत नाहीत आणि या येतात. पुढे याच कुळातल्या अशा एका प्रजातीला सागारांचं नाव देण्यात आलं.

मग लायोफायलम. तिची शिमेजी नावाची जाती पाइन आणि ओकच्या मुळांशी जोडलेली राहते. जपानात चवीच्या बाबतीत तिच्यावर कुणाची मात नाही असं मानतात. झाडाच्या मुळाशिवाय ती पिकवणं अवघड असल्याने दुकानात शिमेजी म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा हिप्सिझायगस असतं. ही लाकडावर जगणारी, म्हणून भुशाच्या बाटल्यांत पिकवता येते, आणि १९७० च्या दशकापासून जपानात कारखान्याच्या प्रमाणात पिकते. कॅलोसायबीची एक युरोपीय जाती वसंतात गवतात उगवते. २३ एप्रिलच्या संत जॉर्ज यांच्या दिवसाच्या आगेमागे ती दिसते, म्हणून इंग्रजांनी तिला त्या संताचं नाव दिलं.

लाकूड, मुळं, शेवाळ, मूत्र, मेलेली छत्री, आणि उधईचं पोट. एकाच कुळाने इतक्या निरनिराळ्या जागा कशा धरल्या? २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने याचा मोलाचा दुवा दिला. टर्मिटोमायसिसच्या सगळ्यांत जवळच्या नातेवाईक प्रजाती, त्यांत आर्थ्रोमायसिस आणि ब्लास्टोस्पोरेला येतात, कीटकांच्या विष्ठेवर वाढताना आढळल्या. म्हणजे उधईने या बुरशीला पाळलं त्याच्या आधीच तिच्या पूर्वजांना कीटकांच्या विष्ठेवर जगण्याची सवय होती. पचलेल्या पाल्याचे आतड्यातून गेलेले कण, त्यांतला नायट्रोजन, त्यांवर पडलेले बीजाणू, हे सगळं जुळून आलेलं होतं. उधईने त्याच सवयीला घर बांधून दिलं. मला या शोधाची सगळ्यांत मोठी गोडी हीच वाटते, की शेतीचा आरंभ शेतकऱ्याच्या हुशारीइतकाच पिकाच्या स्वभावावरही अवलंबून असतो. जोंधळ्याच्या किंवा तुरीच्या रानटी पूर्वजांबद्दलही हे खरं आहे.

सात्यांची लागवड आपल्याला का करता येत नाही, याचं उत्तरही यातच आहे. प्रयोगशाळेच्या बशीत टर्मिटोमायसिसचे धागे वाढतात, पांढरे मणीसुद्धा धरतात. पण भरवशाने छत्री काढून विकण्याइतकी शेती आजवर कुणाच्या हाती आलेली नाही. उधई पोळ्यात कोणते पदार्थ मिसळते, कोणत्या बुरश्या खुडून टाकते, हवेतला कार्बन डायऑक्साइड कसा राखते, या सगळ्याचं पूर्ण अनुकरण जमलेलं नाही. चीनमध्ये काळ्या सालीची सात्या म्हणून जी लागवड होते ती प्रत्यक्षात वेगळ्याच कुळातली ऊडेमान्सिएला आहे. तेव्हा सात्यांचं बियाणं म्हणून कुणी पुडी विकायला आलं, तर पैसे देऊ नयेत.

पण याच कुळातली दुसरी एक अळिंबी वर्ध्याच्या उन्हाळ्यासाठीच जन्माला आली असावी इतकी इथे जुळते. दुधी अळिंबी, कॅलोसायबी इंडिका. पश्चिम बंगालमधून पुरकायस्थ आणि चंद्रा यांनी १९७४ मध्ये तिची नोंद केली. तिची लागवड घराघरात पोचवण्याचं मोठं काम कोइंबतूरच्या तामिळनाडू कृषी विद्यापीठाने केलं. एपीके २ हा तिचा वाण १९९८ मध्ये तिथूनच आला. बटण मशरूमला १५ ते १८ अंशांचा गारवा लागतो, म्हणजे वातानुकूलित खोली आणि विजेचं बिल. धिंगरीसुद्धा उन्हाळ्यात मान टाकते. दुधीला ३० ते ३५ अंश मानवतात.

लागवडीची रीत फार अवघड नाही. गव्हाचं काड किंवा सोयाबीनचं कुटार बारीक करून रात्रभर भिजवायचं, मग ८० अंशांच्या आसपास गरम पाण्यात तासभर ठेवून निथळायचं. प्लास्टिकच्या पिशवीत काडाचा थर, बियाण्याचा थर असं भरून अंधाऱ्या खोलीत तीनेक आठवडे ठेवायचं. पिशवी आतून पांढरी झाली की तिची वरची बाजू कापून दोन-तीन सेंटिमीटर निर्जंतुक केलेल्या मातीचा थर द्यायचा. हा मातीचा थर विसरला तर दुधी येतच नाही, आणि नवशिक्यांचं पीक इथेच फसतं. नंतर उजेड, खेळती हवा आणि ८० ते ८५ टक्के आर्द्रता. दहाएक दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे अंकुर दिसतात आणि आणखी आठवडाभरात जाड पांढरे दांडे काढायला येतात. दुधी लवकर काळी पडत नाही, बाहेरच्या हवेतही काही दिवस तग धरते. गावातून हिंगणघाट किंवा वर्ध्याच्या बाजारापर्यंत माल न्यायचा असेल तर हा गुण सोन्याचा.

वर्ध्यात खरी अडचण तापमानाची नाही, ओलाव्याची आहे. एप्रिल-मेच्या कोरड्या वाऱ्यात ८० टक्के आर्द्रता राखायची तर पोत्यांचे ओले पडदे, जमिनीवर वाळूचा ओला थर, वर गवताचं जाड छप्पर आणि दिवसातून तीन-चारदा पाण्याचा फवारा लागतो. ज्या गावात प्यायला टँकर येतो तिथे उन्हाळ्यात दुधी घेण्याचा सल्ला मी देणार नाही. पण जूनच्या पावसापासून दिवाळीपर्यंत ती घेणं सहज जमण्यासारखं आहे, आणि कुटार तर जिल्हाभर पडलेलं असतं. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ वर्ध्याच्या मगनवाडीत उभा राहिला तो याच विचाराने, की गावात जे आहे त्यातून गावाचं पोट भरावं. सोयाबीन निघाल्यावर धुऱ्यावर जळणाऱ्या कुटाराचे ढीग पाहिले की हा विचार आजही किती ताजा आहे हे जाणवतं. माहिती आणि खात्रीचं बियाणं यांसाठी सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करून सुरुवात करावी.

रानातल्या अळिंबीबद्दल मात्र एक गोष्ट जोर देऊन सांगायलाच हवी. दरवर्षी पावसाळ्यात अळिंबीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात. चांदीचा चमचा काळा पडतो का पाहणं, लसूण किंवा तांदूळ टाकून रंग बदलतो का पाहणं, किडीने खाल्ली म्हणजे चांगली असं मानणं, या सगळ्या समजुती खोट्या आहेत. सर्वांत घातक अळिंब्यांतलं विष शिजवल्याने जात नाही, आणि त्याची लक्षणं ६ ते १२ तासांनी किंवा त्याहूनही उशिरा दिसतात. तोवर यकृताची हानी सुरू झालेली असते. हिरवळीवर, खतवलेल्या अंगणात पावसाळ्यात उगवणारी मोठी, पांढरी, माथ्यावर तपकिरी खवले असलेली छत्री अनेकांना सात्यांसारखी वाटते. ती क्लोरोफायलम असते आणि तिने जोराच्या उलट्या-जुलाब होतात. छत्री पांढऱ्या कागदावर रात्रभर पालथी ठेवली तर तिचे बीजाणू हिरवट पडतात, सात्यांचे गुलाबीसर. पण गुलाबी बीजाणूंच्याही विषारी अळिंब्या आहेत, म्हणून कागदावरचा रंग एकटा पुरत नाही. माथ्याची टणक बोंडी, वारुळातून आलेलं लांब मूळ, आणि त्या शिवाराची पिढ्यांची माहिती असलेलं माणूस, हे तिन्ही जुळले तरच खावं. खाल्ल्यावर त्रास झालाच, तर उरलेली छत्री घेऊन थेट रुग्णालय गाठावं.

बोर व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत अळिंबी तोडायला जाऊ नये. २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प जाहीर झालेलं हे सुमारे १३८ चौरस किलोमीटरचं जंगल आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यातून परवान्याशिवाय वनोपज बाहेर नेता येत नाही. हद्दीबाहेरची, मालकीच्या धुऱ्यावरची आणि गावाच्या पडीक जमिनीवरची वारुळं मात्र आपल्याच हातात आहेत, आणि मला काळजी त्यांचीच वाटते. ट्रॅक्टरने आणि जेसीबीने धुरे सपाट होत चालले. संत्र्याच्या किंवा उसाच्या मुळाशी उधई दिसली की क्लोरपायरीफॉस ओतलं जातं. उभ्या पिकाला खरोखर त्रास देणारी उधई आवरायलाच हवी, त्याबद्दल शेतकऱ्याला दोष देता येणार नाही. पण मोठ्या वारुळाची उधई मुख्यतः वाळलेल्या पाल्यावर आणि काड्यांवर जगते. पिकापासून दूर, धुऱ्याच्या कोपऱ्यातलं जुनं वारूळ विष ओतून मारण्यात फायदा फारसा नाही, आणि त्याबरोबर दर श्रावणात येणारं पीक कायमचं जातं. विष पडलेल्या वारुळावरच्या सात्या खाऊही नयेत.

नागपंचमीला बायका वारुळाला पूजतात, तेव्हा त्याच्या पोटातलं शेत ऐन भरात असतं. गावाने ठरवलं तर त्याच दिवसांत दोन नियम पाळता येतील. सात्या काढताना कुदळीने खणू नये, कारण त्याने पोळं उघडं पडतं. जमिनीलगत सुरीने कापावं किंवा दांडा हलवून अलगद ओढावा. आणि प्रत्येक वारुळावरच्या चार-दोन छत्र्या, बाजारात भाव न मिळणाऱ्या, पूर्ण उघडून कडा फाटेपर्यंत राहू द्याव्यात. मृगात उडालेल्या राण्यांच्या पहिल्या कामकऱ्या तोवर मातीखालून बाहेर पडलेल्या असतात आणि त्यांना बियाणं याच छत्र्यांतून मिळायचं असतं.